दादाची भिंत

पांडूदादा गेल्याची बातमी आली तेव्हा मी पालघरच्या कचेरीत अर्जांवर शिक्के मारत होतो. दातिवऱ्याचा त्याचा शेजारी समोर येऊन उभा राहिला आणि मी मान वर न करता म्हणालो, "अर्ज ठेवा इथे." तो म्हणाला, "अर्ज नाय भावजी... दादा गेले." तापाचं निमित्त झालं. त्याला आता दीड महिना होईल.

दादा म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ, होड्या बांधणारा सुतार. नवी होडी पाण्यात लोटताना मालक नारळ त्याच्या हाती द्यायचा आणि पुढे ती होडी 'पांडूची' म्हणूनच ओळखली जायची. मग तारापूरकडे मोठं बांधकाम निघालं. थोरल्या मुलीची सोयरीक कुठे जुळत नव्हती. बाप पगारावर लागतोय म्हटल्यावर लगेच जुळली. दादा सेंट्रिंगच्या कामाला लागला. फळ्या ठोकून साचा करायचा, त्यात काँक्रीट ओततात, ते घट्ट झालं की आपल्याच फळ्या आपणच उचकटायच्या.

"काय बांधताय दादा?"

"भिंत."

"कसली?"

"ते आमाला नाय सांगत. मुकादम बोलतो, सोचो मत, ठोको."

एक होडी मात्र किनाऱ्यावर अर्धी राहिली होती. सुटीच्या दिवशी जाऊन तो तिच्यावर काम करायचा. नारळी पुनवेच्या आत ती पुरी व्हायची तर सलग रजा हवी होती. रजा घेतली तर जागा जाणार, जागा गेली तर सोयरीक. याच सुमारास आमच्या वाचनालयात एका प्राध्यापकांचं व्याख्यान झालं. कारखान्यातला माणूस आपल्याच हातच्या वस्तूला परका होतो, असा समाजशास्त्राचा सिद्धांत. आभार मानायला मी होतो, म्हणून दादाला हौसेनं नेलं. परत येताना तो म्हणाला, "बरोबर बोलले ते. पन सुटायचं कसं, ते नाय बोलले." मी आयुष्यभर शिक्के मारले, एक अर्ज शेवटपर्यंत वाचलेला नाही. मी काय सांगणार?

होडीच्या मालकालाही दर्यावर जायचं होतं. त्यानं दुसरा सुतार लावला. होडी लोटली त्या दिवशी दादा कामावर होता. थोरलीचं लग्न झालं की सोडतो, म्हणायचा. लग्न झालं, तर धाकटी उभी राहिली.

आमची शेवटची भेट त्या बांधकामावरच झाली, मी डबा घेऊन गेलो तेव्हा. नुकत्याच फळ्या काढलेल्या एका भिंतीपाशी त्यानं मला नेलं. "हात लावा, भावजी." काँक्रीटवर लाकडाच्या रेघा उमटल्या होत्या, एक गाठसुद्धा. "आंब्याची फळी. मीच रंधा मारलेला." बराच वेळ तो त्या गाठीवर बोट फिरवत राहिला. मग डबा उघडत म्हणाला, "उद्या गिलावा हाय."

थोरली चिंचणीला दिलेली. तिच्याकडे जाताना एस.टी.च्या खिडकीतून ते बांधकाम दिसतं, सगळ्या भिंती सारख्या, गुळगुळीत. बायको दर वेळी विचारते, "यातली दादाची कुठली?" मला माहीत नसतं. मी बोट करतो कुठेतरी.

परवा ती म्हणाली, "मागच्या खेपेला दुसरी दाखवली होतीत."

तिनं या भिंतीलाही हात जोडले.