नकाशा पाठवला की बंद पडणारं मशीन

कॉम्प्युटर बिघडला की मी आधी माणसावर संशय घेतो. सवय वाईट आहे, आणि इतकी वर्षं याच धंद्यात काढल्यावर ती सुटेल असं वाटत नाही. पण या सवयीपायी एकदा एका बाईचं काम जाणार होतं.

मी बल्लारपूरचा. धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका गावाच्या ग्रामसभेने मला बोलावलं होतं. यंदा बांबू कुठे तोडायचा, कुठल्या रांजीला, म्हणजे बांबूच्या बेटाला, हात लावायचा नाही, याचे नकाशे त्यांनी तयार केले होते. जंगल लागून असल्यामुळे शेजारच्या दोन गावांनाही ते लागायचे. कुणीतरी दिलेला जुनाट कॉम्प्युटर होता. मी त्यावर युनिक्सच्या घराण्यातली एक फुकटची सिस्टीम टाकली आणि फायली वाटणारं सॉफ्टवेअर बसवलं. इथे फाईल ठेवली की ती दोन्ही गावांत आपोआप पोचणार, एवढं त्याचं काम.

हे सॉफ्टवेअर तयार मिळत नव्हतं. मूळ कोड घेऊन त्या सिस्टीमसाठी कंपाइल करावं, म्हणजे मशीनला कळणाऱ्या आज्ञांत बदलून घ्यावं लागायचं. त्या मशीनवर त्याला दोन दिवस लागले असते, आणि तिथे लाईट सलग दोन तास टिकेल तर शपथ! म्हणून मी घरच्या नव्याकोऱ्या मशीनवर ते कंपाइल केलं आणि पेनड्राइव्हवर घालून नेलं, घरून डबा न्यावा तसं.

मशीन सांभाळायला गावातलीच एक सून होती. तिशीची, बारावी झालेली. काम झालं की कीबोर्डवर धुतलेलं फडकं घालायची. लग्न होऊन आल्यापासून ती अमक्याची सून होती. आता लोक तिला कॉम्प्युटरवाली म्हणू लागले होते, आणि हे तिला किती आवडायचं ते तिच्या तोंडावर दिसायचं.

पंधरा दिवसांत तिचा फोन आला. ‘भाऊ, ते बंद पडून राह्यलं.’

‘लाईट गेली असेल.’

‘लाईट होती न भाऊ. नकाशा टाकला का बंद पडते. चिठ्ठी टाकली तं जाते.’

मी घरूनच पासवर्ड टाकून त्या मशीनमध्ये शिरलो आणि एका ओळीची फाईल पाठवून पाहिली. गेली. म्हटलं, बघा, चालतंय की. पुढच्या महिनाभरात तिने आणखी तीनदा फोन केला. दरवेळी नकाशा पाठवला की बंद पडतं, हेच सांगितलं. मी दरवेळी एक ओळ पाठवून तिला खोटं पाडलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. माझं अंगण म्हणजे कधी लाईट, कधी धूळ आणि शेवटी ती स्वतः.

दरम्यान शेजारच्या गावात अर्धवट नकाशा पोचला आणि तिथल्या लोकांनी राखलेल्या रांजीत बांबू तोडला. आरडाओरडा झाला. ग्रामसभेच्या अध्यक्षांनी मला फोनवर विचारलं, तेव्हा मी म्हणालो, ‘मशीन बरोबर आहे. चालवणाऱ्याकडे बघा.’ हे वाक्य आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

तिचं काम काढून घ्यायचा विषय बैठकीत आला. त्या गावात हात वर करून मोजत नाहीत. एकालाही पटलं नाही तर निर्णय होत नाही. एक म्हातारी बाई म्हणाली, मला पटत नाही, मशीनवाल्याला समोर आणा. म्हणून पुढच्या बैठकीला माझं बोलावणं आलं. मी आदल्या दिवशीच गेलो, स्वतःचंच खरं करायला.

त्या सुनेने एक वही पुढे केली. मशीन कधी बंद पडलं, कुठली फाईल होती, लाईट होती की नव्हती, सगळं लिहिलेलं. लाईट प्रत्येक वेळी होती. फाईल प्रत्येक वेळी नकाशाची.

माझे अब्बा घड्याळं दुरुस्त करायचे. घड्याळ उघडण्याआधी ते गिऱ्हाइकाला विचारायचे, कधी थांबतं, हातात असताना की काढून ठेवल्यावर? निम्मं काम तिथेच व्हायचं. मी मात्र हिचं ऐकूनही घेतलं नव्हतं.

मग मी तिचा नकाशा पाठवून पाहिला. बंद! घोडं कुठे पेंड खातंय ते आता शोधणं भाग होतं. मशीनने स्वतः ठेवलेल्या नोंदीत लिहिलं होतं की प्रोग्रामने प्रोसेसरला न समजणारी आज्ञा दिली. माझे कान गरम झाले. वेग वाढावा म्हणून घरी कंपाइल करताना मीच कॉम्प्युटरला सांगून ठेवलं होतं, या घरच्याच मशीनसाठी बनव. माझ्या नव्या प्रोसेसरला येणाऱ्या आज्ञा या जुन्याला येत नव्हत्या. त्या लागायच्या फक्त मोठी फाईल तपासताना. चिठ्ठीला त्यांची गरजच नव्हती.

गुपचूप दुरुस्त करून ‘मशीन जुनं आहे’ म्हणालो असतो तर तिथे कुणालाही कळलं नसतं. खरं सांगतो, रात्रभर माझा तोच विचार चालला होता.

बैठकीत मी उभा राहिलो. ‘चूक माझी आहे. मी माझ्या मशीनसाठी बनवलेलं तुमच्या मशीनवर टाकलं.’

म्हाताऱ्या बाईने विचारलं, ‘हिनं तुले सांगतलं होतं का?’

‘चारदा.’

‘मंग काऊन नाई ऐकलं?’

मी सांगून टाकलं. ‘हिला काय कळणार, असं वाटलं.’

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग अध्यक्षांनी तिला विचारलं, काम करशील ना?

‘करतो,’ तिकडच्या बायका म्हणतात तसं ती म्हणाली. ‘पण ते इथीच बनवाचं, याच मशीनवर, माह्यासमोर. आन् पासवर्ड माह्यापाशी राहीन. भाऊपाशी नाई.’

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, जरा जड गेलं तरी.

तीन दिवस लागले. लाईट दोनदा गेली, आम्ही पुन्हा तिथूनच पुढे सुरू केलं. प्रत्येक आज्ञा तिने स्वतः टाइप केली. चौथ्या दिवशी सकाळी सगळ्यात मोठा नकाशा दोन्ही गावांत अख्खा पोचला. शेजाऱ्यांचा फोन येऊन गेल्यावर ती पासवर्ड बदलायला बसली. मी सवयीने तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिने कीबोर्डवरून हात उचलले आणि वाट पाहिली.

‘भाऊ, थोडं बाहेर उभे राहा न.’

मी बाहेर जाऊन उभा राहिलो.