काच तडकली तेव्हा माझी तारीख जवळ होती

"तुझी तारीख जवळ आली का गं?"

भर मीटिंगमध्ये सरांनी मला हे विचारलं. टेबलाभोवती सगळे पुरुष, बाई मी एकटी. मी नुकतंच सांगितलं होतं की परळच्या त्या चाळीचा मागचा जिना आणि त्याला लागून असलेल्या खोल्या ताबडतोब रिकाम्या करायला हव्यात. सर हसले. "महिन्यातून एकदा हिला मुंबईतली प्रत्येक बिल्डिंग पडताना दिसते." मग सगळेच हसले.

प्रभादेवीच्या त्या ऑफिसात मी स्ट्रक्चरल इंजिनीअर. जुन्या इमारती तपासायच्या, राहण्याजोग्या आहेत की नाहीत ते लिहून सही करायची. सरांचे वडील इंजिनीअर, आजोबाही. सरांचा आवाज कधी चढत नाही. चढवायची वेळच आली नाही त्यांच्यावर. "गणपती होऊ दे," ते म्हणाले. "रहिवाशांनाही तेच हवंय. विसर्जनानंतर बघू. तू सही करून टाक."

खरं सांगते, मी घाबरले. स्वतःलाच घाबरले. कारण तारीख खरंच जवळ आली होती. कधीतरी सुट्टी मागताना मीच खरं कारण सांगितलं होतं, ते त्यांनी जपून ठेवलं होतं. पाळीच्या आधी माझं असंच होतं. छातीत धडधड. झोप नाही. गॅस बंद केला का, म्हणून अर्ध्या वाटेवरून परत. पाळी आली की निवळतं. मग ही भीती जिन्याची की तारखेची? माझा माझ्यावरचा विश्वास त्यांनी एका वाक्यात काढून घेतला होता.

त्याच दिवसांत एका हॉस्पिटलात असा त्रास होणाऱ्या बायकांच्या मेंदूचे स्कॅन काढत होते. मी आधीच नाव दिलं होतं. मंगळसूत्र, पिना काढून त्या नळीत आडवी झाले. डोळे मिटायचे, हलायचं नाही. मेंदूचे कुठले भाग जास्त काम करतायत, एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, ते त्यात दिसतं म्हणे. मशीनची ठोकाठोक सुरू झाली आणि मला घाम फुटला. काही दिसलं तर? सर म्हणणार, बघा, हिचं डोकंच बिघडलंय. आणि काहीच नाही दिसलं तर? मग नाटकं. दोन्हीकडून मीच मरणार होते.

बाहेर आल्यावर डॉक्टरबाईंना थेट विचारलं, "माझ्या डोक्यावर भरवसा ठेवू की नको?"

"एका बाईच्या स्कॅनवरून ते नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "पुष्कळ जणींचे एकत्र बघतो आम्ही. आणि समजा, त्या दिवसांत भीती जास्त वाटते असं निघालं, तरी समोर घाबरण्यासारखं काही नाही हे कुठे सिद्ध होतं? ते तुम्हालाच जाऊन बघावं लागेल."

तशीच चाळीत गेले. आधीची पाळी संपल्यावर, डोकं अगदी शांत असताना, मी मागच्या जिन्याच्या भिंतीतल्या भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली होती. आमची जुनी पद्धत. भेग सरकली की काच तडकते. खाली मांडव बांधत होते. मागच्या जिन्यात एक मावशी लसूण सोलत बसल्या होत्या. उठा म्हटलं तर म्हणाल्या, "गणपती तोंडार इले, आता खंय जाऊ गो?"

बॅटरी मारली. काच आरपार तडकली होती. मावशींचा हात धरून त्यांना ओढतच खाली आणलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, सरांनी सहीचा कागद पुढे सरकवला. "झालं का डोकं शांत?"

"नाही. तारीख जवळच आहे. भीतीही वाटतेय. आणि काच तडकलीय. मी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला कळवलंय. सही करणार नाही."

मी कागद परत त्यांच्याकडे सरकवला. कोणी हसलं नाही.

"तुझी जागा भरायला मला वेळ लागणार नाही," सर म्हणाले.

त्या खोल्या रिकाम्या झाल्या. ऐन सणात घराबाहेर काढलं म्हणून रहिवाशांनी मला शिव्या घातल्या. नोकरीचं अजून टांगलेलंच आहे. स्कॅनचं काय निघालं ते विचारायला मी गेले नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा धडधड होईल, पुन्हा घाबरेन. घाबरलेल्या हातांनीच भेगेवर बॅटरी मारीन. जे दिसेल ते तोंडावर सांगेन, तारीख कुठलीही असो.