घाटंजीचे यान मूळच आहे

“मूळ यान चित्रपटाच्या अखेरच्या प्रसंगात दारू भरून उडवण्यात आले. घाटंजीत आज जे दाखवले जाते, ती छायाचित्रांवरून मागाहून केलेली प्रतिकृती आहे.”

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने एका स्मरणिकेत हे छापले. पुढे ते इतरांनी उतरवून घेतले, आणि उतरवणाऱ्यांपैकी एकालाही घाटंजीपर्यंत येऊन मला विचारावेसे वाटले नाही. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

अंतराळप्रवासावरील त्या चित्रपटासाठी ते छोटे यान मुंबईच्या एका कार्यशाळेत मी घडवले. सगळे सागवान, नाकावर तेवढा पत्रा, शेपटाशी टॉर्चचे बल्ब; लांबी माझ्या हाताएवढी. सहकारी रुजू झाला तेव्हा चित्रीकरण संपत आले होते. त्याने पाहिला तो फक्त स्फोट. त्यात उडाली ती प्लास्टरची पोकळ नक्कल, आणि तिचा साचाही मीच काढला होता. कार्यशाळा आवरली तेव्हा निर्मात्याला विचारून मूळ यान मी गोणपाटात गुंडाळले आणि गावी, घाटंजीला आणले. डोळ्यांसमोर उडाले ते त्याने खरे मानले, याबद्दल माझी तक्रार नाही. जे पाहिलेच नाही तेही त्याने तितक्याच ठामपणे छापले, याबद्दल आहे.

या उन्हाळ्यात जुन्या चित्रपटांतील वस्तूंची नोंद करणाऱ्या एका संस्थेकडून एक तज्ज्ञ बाई माझ्या घरी आल्या. पांढऱ्या कापडावर यान ठेवून, शेजारी मोजपट्टी लावून त्यांनी सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतली, मापे टिपली. नोंदीच्या कागदावर एकच रकाना रिकामा राहिला: मूळ की प्रतिकृती. मी गेल्यावर माझे बोलणे माझ्याबरोबर जाईल. तो रकाना राहील. हे मला कळत होते, आणि बाईंनाही.

त्यांनी भिंग लावले. यान हळूहळू फिरवून पाहिले.

“काका, हा रंग जुना नाही.”

“नाहीच. मागच्या पोळ्याला दिला.”

“आणि त्याआधी?”

“त्याच्या मागच्या पोळ्याला.”

त्यांनी पेन खाली ठेवले.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो; मुले लाकडी नंदी सजवून मिरवतात. त्याआधी घरोघरी नंदी माळ्यावरून उतरतो, त्याला जवसाचे तेल आणि घरात असेल तो रंग लागतो, आणि म्हणूनच तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. आमचा नंदी आणि यान एकाच फळीवर होते. नंदीला रंग दिला की उरलेला यानाला द्यायचा, हे मी दरवर्षी केले. लाकूड जपायची मला ठाऊक असलेली रीत ती एवढीच.

“म्या तवाच म्हटलं होतं,” दारातून माझी पत्नी म्हणाली. “कायले रंगवता त्याले? ते काय नंदी हाय? पन या घरात माह्यं आयकते कोन!”

“चूप बस न वं.”

“काकूंचं बरोबर आहे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “वरून जे दिसतं त्यावरून मला प्रतिकृतीच लिहावं लागेल.”

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या. ही चूक माझी, आणि ती मी इथे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. जो पुरावा जपायचा, तोच मी दरवर्षी झाकत गेलो होतो.

बाईंनी एक उपाय सुचवला. नखाएवढ्या जागेवरचे थर एकेक करून उतरवायचे. जागा त्या ठरवणार. का ठरवली ते आधी सांगणार नाहीत. समोरच्या पक्षालाही ऐकू यावे म्हणून त्यांनी सहकाऱ्याला फोन लावून तो टेबलावर ठेवला.

“दादा, अजून त्या लाकडालाच धरून बसलात?” पलीकडून हसू आले.

“तू स्फोटाला धरून बसला आहेस, मी लाकडाला. बघू कोण पडतो.”

बाईंनी लॅपटॉपवर काहीतरी निरखले, पडदा माझ्यापासून फिरवला आणि डाव्या पंखाखाली पातळ पाते टेकवले. पहिला थर चंदेरी. त्याखाली निळा.

“हा तं आपल्या खिडक्याइचा!” पत्नी पुढे सरसावली. “आन्‌ हा पिवळा, बाथरूमच्या दरवाज्याचा. अहो, घरच रंगवलं की तुमी त्याच्यावर!”

बाईंनाही हसू आवरेना. मला हसू येत नव्हते. खाली नुसते लाकूड निघाले, तर सहकाऱ्याचे वाक्य कायमचे खरे ठरणार होते. मी टेबलाची कड धरली.

“अहो, टेबल काहून धरून राह्यले?”

“हलू नये म्हणून.”

हिरवा गेला. तांबूस गेला. असे कितीतरी गेले. मग राखाडी आला, मी दिलेला तोच मंद राखाडी. मी फोनकडे वाकून मोठ्याने म्हणालो, “राखाडी निघाला!”

“राखाडी तर कोणत्याही दुकानात मिळतो, दादा. नक्कल करणारा काय गुलाबी देईल?”

तो बरोबर बोलत होता, हे लिहिताना आजही मला जड जाते. बाईंनी पाते ठेवून दिले. कापसाच्या बोळ्याने ती जागा पुसली, दिवा आडवा धरला, भिंगातून पाहिले, लॅपटॉपकडे पाहिले, पुन्हा भिंगातून पाहिले. फोनवरचा आवाज दोनदा “हॅलो, हॅलो” म्हणाला. मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि भिंग माझ्या हाती दिले.

इतर सगळ्यावर कोणी हवे तेवढे वाद घालावेत. वस्तुस्थिती अशी आहे: चित्रपटात यान अगदी जवळून दिसते त्या, लॅपटॉपवर थांबवलेल्या दृश्यात डाव्या पंखाखाली ओल्या रंगात अडकलेला ब्रशचा एक केस आहे, टोकाशी गळासारखा वळलेला, आणि माझ्या यानाच्या राखाडी थरात, त्याच जागी, त्याच वळणाचा तो केस रुतलेला आहे.