ऑरेस्टच्या गॅरेजची ऊब

ऑरेस्ट हाव्रिल्युक कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या आमच्या गावात धान्याच्या कोठारावर आयुष्यभर राबला. फावल्या वेळात तो व्हायोलिन दुरुस्त करायचा. नोव्हेंबरात तो माझ्या हीटरच्या दुकानात आला. त्याला गॅरेजसाठी हीटर हवा होता.

बायको डारिया जानेवारी काढेल की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते. तिच्या वडिलांच्या व्हायोलिनची वरची फळी उखडली होती. आम्ही युक्रेनियन, आमचा नाताळ जुन्या पंचांगाप्रमाणे सात जानेवारीला. त्या दिवशीची गाणी तिला त्याच वाद्यावर ऐकायची होती. सरसाचा वास तिला घरात सोसवत नव्हता आणि गारठ्यात सरस धरत नाही.

मी रीतसर गणित मांडलं. लांबी, रुंदी, उंची, भिंतींतलं अस्तर, दाराच्या फटी, बाहेर उणे अडतीस. तासाला तीस हजार बीटीयू उष्णता देणारा हीटर पुरेसा होता.

"चर्च तापवायचा हीटर गळ्यात मारू नकोस हं," ऑरेस्ट म्हणाला.

"नाही रे. दार तेवढं बंद ठेव."

"माझी गाडी बाहेरच असते. दार कशाला उघडतोय?"

तीन जानेवारीला त्याचा फोन आला. गॅरेजातल्या तापमापकाचा काटा आठ अंशांवर अडला होता. मी लगेच निघालो. माझी गाडी दिसताच त्याने सवयीने मोठं दार वर केलं. "घे आत, इंजिन गोठेल!"

मीही सवयीने आत घेतली. शेजारी गावातल्या विल्बर्टची गाडी आधीच उभी होती. बर्फ वितळून जमिनीवर पाणी साचलं होतं. बाकावर व्हायोलिन होतं, नुकताच सरस लावलेलं. दारातून आलेल्या गारठ्यात सरस शिकंजा आवळण्याआधीच थिजला.

एका गाडीवरचा बर्फ वितळवायला त्या हीटरची दोन तासांची ऊब जाते. गाड्या किती येतात, हे मी विचारलंच नव्हतं. जन्म इथेच गेला माझा, तरी आल्यागेल्याची गाडी आत घेतात हे सुचलं नाही.

"लोकांना नाही म्हण ना," मी म्हणालो.

"या थंडीत? तुला म्हटलं का?"

त्याने फळी पुन्हा सोडवली, पुन्हा चिकटवली. पाच तारखेला तारा ताणताच ती सुटली. सहाला सकाळी डारिया गेली.

दफन करून आम्ही त्याच्या घरी जेवायला आलो. उणे चाळीस होतं. काळ्या कोटातच ऑरेस्ट गॅरेजकडे गेला आणि दार वर केलं.

"तीन मावतील," तो म्हणाला. "बाकीच्यांनी आळीपाळीने घ्या."

माझी गाडी मी रस्त्यावरच ठेवली. त्याने ती पाहिली आणि ती आत घ्यायची मला हाताने खूण केली.