मागच्या सीटवर कोण बसणार?

जुनी गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक येवो न येवो, किस्से मात्र रोज दारात उभे राहतात! त्यात माझी गाडी म्हणजे थेट जपानहून आलेली, दोन दारांची, मॉडिफाय केलेली स्पोर्ट्स कार.

महादेवपुऱ्यातली आयटीची नोकरी सोडून मला तळी वाचवायच्या कामात पूर्णवेळ उतरायचं होतं. गाडी विकल्याशिवाय ते जमणार नव्हतं.

"अबे, तळं वाचवायला निघाला, अन् तुझी गाडी तळंभर पेट्रोल पिते!" इति प्रसाद, माझा नागपूरकर रूममेट.

म्हणूनच विकायची. पण एजंट नको, आणि एकही दोष लपवायचा नाही!

*

राजाजीनगरहून एक मुलगा वडिलांना घेऊन आला. वडिलांनी मागच्या सीटकडे बराच वेळ बघितलं.

"इथे आमची आजी बसेल ना?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात प्रसाद म्हणाला, "बसेल ना काका! पण उतरणार नाही."

काका कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि आलेल्याच रिक्षात परत बसले.

*

दुसऱ्याने गाडी स्टार्ट करायला लावली. वरून घरमालकीण सुधाअक्का ओरडल्या, "अरे, स्वल्प हळू की! माझ्या इडल्या बसल्या!"

गिऱ्हाईक खूश. मी म्हटलं, "हा सायलेन्सर कायद्यात बसत नाही. मूळचा लावून देतो."

"मग घेऊ काय? मी आवाजच घ्यायला आलो होतो!"

प्रसादने कपाळावर हात मारला. "तू गाडी विकून राहिला, का तिच्याविरुद्ध साक्ष देऊन राहिला?"

*

गाडी इतकी खाली बसवलेली की गल्लीतल्या हंपला, म्हणजे स्पीडब्रेकरला, तिचं पोट घासायचं. म्हणून आमचा नियम: हंप आला की ड्रायव्हर सोडून सगळ्यांनी उतरायचं, चालत पलीकडे जायचं, पुन्हा बसायचं.

होसकोट्याचे बसण्णा आले. मूळचे निपाणीचे. सगळे दोष शांतपणे ऐकले, व्हिडिओ काढायला आपला फोन प्रसादकडे दिला आणि स्टिअरिंगवर बसले. हंप आला. सवयीने मी आणि प्रसाद उतरलो. गाडी अलगद हंपावरून गेली... आणि गेलीच!

"टेन्शन नको घेऊ," प्रसाद म्हणाला. "त्यांचा फोन आहे ना माझ्यापाशी."

माझं अख्खं तळं वळणावर दिसेनासं झालं होतं, आणि हा मला फोन दाखवत होता!

दुपारी आम्ही पोलीस चौकीकडे निघालो, तोच ओळखीचा आवाज आला. गाडी हंपाच्या अलीकडे थांबली. बॉनेटवर हळदकुंकू, झेंडूचा हार, चाकांना चिरडलेली लिंबं. मागच्या सीटवर एक म्हातारी, गुडघे हनुवटीला टेकलेले, पण ऐट राणीची!

"पूजा करून आणली," बसण्णा म्हणाले. "आता हंप आला म्हणून आईला उतर म्हणतोय, तर उतरंना. गाडी घ्यायलाच लागती बघा!"