फाटलेल्या जाळीखालचा लाल पट्टा

"ओरडायचं ते मागाहून ओरडा, जाऊबाई. आधी खाली बसा आणि हे बघा."

"काय बघू? वीतभर फाटलीय जाळी! डोळे काय घरी ठेवून आलीस?"

"जाळी राहू द्या. तिच्याखाली बघा."

स्ट्रॉबेरीची बाग थोरल्या जावेची. फळं उन्हानं भाजू नयेत म्हणून वाफ्यांवर कमरेच्या उंचीला हिरवी जाळी ताणलेली, आणि ती सांधायचं काम धाकटीकडं. सुई मोठी, जीभ त्याहून टोकदार, म्हणून बागेत तिला सगळे दाभणकाकू म्हणत. एक धागा निसटला तरी तिला घास गोड लागत नसे. कोपऱ्यातली ही फाट मात्र तिच्या नजरेतून सुटली होती.

थोरलीचं डोकं आधीच तापलेलं. रसाच्या कारखान्यातली तपासणारी बाई परवाच नाक मुरडून गेली होती. फळ टपोरं, पण फिकं. क जीवनसत्त्व फारच कमी. पुढचा तोडाही असाच निघाला तर माल घेणार नाही म्हणाली.

कण्हत थोरली खाली बसली आणि जाळीखाली वाकली. सगळा वाफा फिकट, आणि मधूनच गडद लाल फळांचा पट्टा गेलेला. एका फळाला पान चिकटलं होतं. ते उचललं, तर खाली पानाचा फिकट ठसा, कातरलेल्या कडेसकट.

"हे कुणी रंगवलं गं?"

काकूनं वर बोट केलं. फाटीतून पडलेला सकाळचा कवडसा पट्ट्याच्या एका टोकाशी होता. बघता बघता तो पुढच्या फळावर सरकला, मग त्याच्या पुढच्या. लाल वाट सोडून जरासुद्धा इकडंतिकडं नाही. रोज इथूनच चालत गेला असणार! काकूच्या अंगावर काटा आला. ऊन म्हणजे कातडी सोलणारं, एवढंच तिला ठाऊक. ते इतक्या लांबून येतं, मुंगीच्या पावलानं चालतं आणि फळाफळात काहीतरी ठेवून जातं, हे आजच दिसलं.

थोरलीनं एक लाल फळ खाल्लं, मग एक फिकं. फिकं थुंकून टाकलं.

"पाणीच पिकवतोय गं आपण."

"मग जाळी काढायची?" काकूनं हातातल्या सुईकडं बघितलं. जाळी गेल्यावर तिच्या सुईला कोण विचारणार?

"आणि दुपारी फळं शिजू द्यायची? सकाळी उघडायची, ऊन चढलं की झाकायची. रोजच्या रोज. माझ्या गुडघ्यांना जमणारंय का ते?"

"तोंडानं जमलं असतं तर तुम्हीच केलं असतं."

"चल, आगाऊ! लाल फळं वेगळ्या डब्यात घाल. त्या बाईकडून तपासून घेऊ. आणि ती फाट शिव."

"शिवते की. त्या कवडशाला पलीकडं पोचू द्या आधी."

काकूनं सुई अंबाड्यात खोचली आणि पहिल्या वाफ्यावरच्या जाळीच्या दोऱ्या सोडायला गेली.