यंदाची आंबील

मला लहानपणापासून नको तितक्या चौकशा लागतात. त्यामुळे उन्हाळ्यात तापातून उठल्यावर आईला कशाचाच वास येईनासा झाला, तेव्हा घरातले बाकीचे हळहळले आणि मी हिंगाची डबी घेऊन तिच्यासमोर बसले.

"येतो?"

"नाही."

मग लसूण, मग कापूर आणि शेवटी फिनाइलची बाटली.

"बाई, तू मला मारून राहिली का?" आई म्हणाली आणि बाटली माझ्या हातातून काढून घेतली.

पण मला खरंच जाणून घ्यायचं होतं, की चहा पिताना तिला नेमकं काय कळतं. "गरम," ती म्हणाली. आणखी? "गोड गरम." जिभेवर मिठाचा कण ठेवला, तो कळला. लिंबू कळलं. मी म्हटलं, बघ, सगळं काही गेलेलं नाही. तर म्हणे, "खारट-आंबट काय, कोणालाही कळतं." आणि अर्धा कप तसाच ठेवून उठली. डॉक्टर म्हणाले होते, वास परत येईलही, नाहीतर नाही येणार. असं सांगायला एवढं शिकावं कशाला लागतं, देव जाणे.

मी विजय नगरला राहते. आई याच शहरात कांचघरला, दादा-वहिनीजवळ. फॅक्टरीत नोकरीला असताना बाबांनी बांधलेलं ते घर. बाबा गेल्यापासून भाद्रपदात महालक्ष्मीच्या, म्हणजे गौरींच्या, पूजेला दादा आणि वहिनी बसतात, पण त्या दिवशीच्या स्वयंपाकात आईनं कधी कोणाला शिरू दिलं नाही. आम्ही भाज्या चिरायच्या, नारळ खवायचा आणि बाजूला व्हायचं. पुरण, कढी, अळू, सोळा भाज्या, वडे आणि आंबील, सगळं तिच्या हातचं. आंबील म्हणजे ताकात शिजवलेलं ज्वारीचं पीठ. पाहुण्याला सांगताना फार काही वाटत नाही, पण आमच्याकडे लोक पुरणपोळी सोडून तिच्यासाठी वाटी पुढे करतात.

यंदा पोळा झाला आणि आईनं जाहीर केलं, "महालक्ष्म्या बसवा तुम्ही. स्वयंपाक बाहेरून आणा. मी काही करणार नाही."

"चलो, ठीक आहे," दादा म्हणाला. "तुझा त्रास वाचेल." आणि त्यानं लगेच फोन काढला, केटररचा नंबर शोधायला. मला त्याचा इतका राग आला, की तो फोन पाण्याच्या माठात टाकावासा वाटला. आई त्याच्याकडे बघत होती. कोणीतरी नाही म्हणेल म्हणून ती थांबली होती, एवढं त्याला दिसू नये?

तिची अडचण खरी होती. नैवेद्य दाखवेपर्यंत चव बघायची नाही. एरवी चमचाभर हातावर घेऊन चाखता येतं, या दिवशी नाही. एवढा स्वयंपाक ती न चाखता करायची, तो सगळा वासावर. पीठ शिजलं की नाही, पुरण आटलं की नाही, सगळं नाकाला ठाऊक. आता ते नाकच गप्प बसलं होतं.

माझ्या डोक्यात भलताच प्रश्न आला. "आजी तर म्हणायची, नैवेद्याचा वास घेतला तरी तो उष्टा होतो."

"हो, म्हणायच्या."

"मग तू इतकी वर्षं काय करत होतीस?"

"मी वास घेत नव्हती," आई शांतपणे म्हणाली. "वास येत होता."

वहिनी बाजूला बसून गवार मोडत होती. आमचं शहर हिंदी मुलखातलं, आणि तिचं माहेर इथलंच, हिंदी बोलणारं. मराठी तिला सगळं समजतं, पण बोलताना अर्ध्या रस्त्यात हिंदीत उतरते. ती मान वर न करता म्हणाली, "तो मम्मीजी, मुझे भी आएगा. मी घेणार नाही, मला येईल. आप पूछते जाना, मैं बताऊँगी."

आईनं तिच्याकडे वळून बघितलं. "तुला काय कळणार त्यातलं?"

"नाही कळलं तर केटरर आहेच," वहिनी म्हणाली. दादानं फोन खिशात ठेवला.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मी सुट्टी टाकून सकाळीच पोचले. आई सोवळ्याचं लुगडं नेसून ओट्याशी उभी, शेजारी वहिनी. पुरण शिजत होतं.

"कसा येतो?" आईनं विचारलं.

"अच्छा आ रहा है."

"अच्छा म्हणजे काय? काहून अच्छा?"

वहिनी अडकली. माझ्याकडे वळून बघायला लागली, तर मीही अडकले. जन्मभर हे पुरण खाल्लं आणि त्याचा वास कसा असतो ते सांगता येईना. आम्हाला 'छान' एवढा एकच शब्द येत होता.

"हलवाई की दुकान जैसा," वहिनी शेवटी म्हणाली.

"म्हणजे वेलची जास्त झाली," आई म्हणाली. "ठीक आहे, जायफळ नको मग."

मला हे फारच आवडलं. मी भाजी चिरायचं सोडून तिथेच पाटावर बसले. आई विचारत गेली, वहिनी सांगत गेली. कढीची फोडणी झाली तेव्हा वहिनी म्हणाली, तिच्या माहेरच्या अंगणासारखा येतो. आईनं विचारलं, अंगणात काय होतं? कढीपत्त्याचं झाड. आई हसली, म्हणाली, मग बरोबर आहे. इतक्या वर्षांत त्या दोघींना एकमेकींच्या माहेराबद्दल असं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

आंबिलीशी मात्र गाडी अडली.

"कच्च्या पिठाचा वास गेला का?"

"कच्चा मतलब कैसा?"

आई ढवळताना थांबली. विचारात पडली. "आपण बरगीला धरणावर जातो, तेव्हा रस्त्यात भुट्टे घेतो ना? निखाऱ्यावर ठेवला की आधी हिरवा हिरवा वास येतो. मग एकदम बदलतो. तोंडाला पाणी सुटते तेव्हा."

"हाँ, हाँ."

"तो बदलला की मला सांग."

वहिनी डोळे मिटून उभी राहिली. आई भांड्याकडे बघतच नव्हती. हातानं ढवळत होती आणि वहिनीचा चेहरा बघत होती.

"आया," वहिनी म्हणाली.

आईनं गॅस बंद केला.

"हे भुट्ट्याचं तुला कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"कोणीच नाही. आज पहिल्यांदा बोलून राहिली मी," आई म्हणाली. तिलाच त्याचं नवल वाटत होतं.

नैवेद्य झाला, पुरणाच्या दिव्यांनी आरती झाली. एरवी आई सगळ्यांचं झाल्यावर मागून जेवते. यंदा वहिनीनं तिला हात धरून आमच्याच पंगतीत बसवलं. मी आंबिलीची वाटी तोंडाला लावली. मीठ नव्हतं. कमी नव्हे, नव्हतंच. सगळ्यांचं लक्ष वासात, मीठ घालायचंच राहून गेलं होतं.

दादाकडे बघितलं. त्याला कळलं होतं, तो नको तितकं लक्ष देऊन वडा खात होता. वहिनीचा चेहरा उतरला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वा, छान झाली हो." मीही म्हटलं, "छान झाली, आई." खोटं बोलताना मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. मला फक्त एवढंच वाटत होतं, की हिला कळायला नको. कळलं की ही पुन्हा चुलीपाशी उभी राहणार नाही, आणि पुढच्या वर्षी दादाचा फोन परत निघेल.

आईनं वाटी उचलली. एक घोट घेतला. वाटी खाली ठेवली, मग पुन्हा उचलून आणखी एक घेतला.

"याच्यात मीठ नाही."

दादानं आणखी एक वडा उचलला.

"अळणी आहे साफ. तुम्ही सगळे छान छान करून राहिले, आणि मीठच नाही याच्यात." आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. उन्हाळ्यापासून मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

"मला कळलं," ती मला म्हणाली. "तुम्हा सगळ्यांच्या आधी मी बोलली."

"हो, आई."

"मम्मीजी, सॉरी," वहिनी पुटपुटली.

"तू काहून सॉरी? तुझं काम वासाचं होतं, ते तू केलं. मीठ माझ्याकडे होतं." मग दादाकडे वळून म्हणाली, "पुढच्या वर्षीही असंच करू. मीठ आण जरा आतून."

दादा उठला. आईनं तिची वाटी तोवर रिकामी केली होती, तशीच अळणी. ती वाटी तिनं वहिनीपुढे धरली.

"अजून वाढ," ती म्हणाली.